नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि मालाच्या वाटा

नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे स्मरण आपल्या दैवज्ञ ज्ञातीत शाळा, संस्कृतची शिष्यवृत्ती आणि मुंबईतील पुतळा यांच्या निमित्ताने नित्य होत असते. भिवंडीकर ज्ञातिबांधवांनी मात्र त्यांच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावयास हवे. मालाच्या ज्या वाटांवर आपल्या गावचा व्यवहार आज चालतो, त्या वाटा पालटण्यास ज्यांनी प्रथम हात घातला त्यांत नाना अग्रभागी होते. आणि त्या पालटात भिवंडी प्रथम बाजूस पडली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे मुरकुटे घराण्यात झाला. मुरबाडच्या पूर्वेस नाणेघाट आहे. जुन्नरचा माल सातवाहनकाळापासून या घाटाने कल्याण बंदरी उतरे, आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण अद्याप घाटमाथ्यावर उभा आहे. नानांच्या बालपणीही देशावरचा माल बैलांच्या पाठीवरील गोणींतूनच कोकणात येत असे. वंजाऱ्यांचे तांडे उघाडीत चालत. पावसाळ्यात वाट बंद. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, तेव्हा गाड्या पनवेलपर्यंत येऊ लागल्या व तेथून पडावांनी माल मुंबईस जाऊ लागला. इकडे थळघाटातून उतरणारा आग्रा रस्ता भिवंडीवरून ठाण्याकडे जाई, आणि गावाला खाडीचे बंदर होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईस पोहोचेपर्यंत धुळीने मळे, पावसाने भिजे. त्याची किंमत वाटेतच उतरे.

१८२२ साली वडील वारले आणि विशीच्या आतच पेढीचा सारा भार नानांवर आला. वाहतुकीत वाया जाणारे दिवस हे व्यापाऱ्याचे बुडालेले भांडवलच होय, हे अशा पेढीवर बसणाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह त्यांनी रेल्वेसाठी मंडळ स्थापन केले, आणि पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली तेव्हा ते तिचे एक संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीत ते होते. उतारूंचा तो सोहळा सर्वांस ठाऊक आहे. परंतु कंपनीची खरी दृष्टी घाटापलीकडील कापसावर होती. १८५४ साली मार्ग कल्याणला पोहोचला, १८६३ साली बोरघाट व १८६५ च्या आरंभी थळघाट खुला झाला. दोन्ही घाट पाहूनच नानांनी ३१ जुलै १८६५ रोजी इहलोक सोडला.

येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. कंपनीच्या भागधारकांस सरकारने शेकडा पाच व्याजाची हमी दिली होती, आणि तुटीचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडे. तांड्यांचा पिढीजात धंदा बुडाला, त्याची भरपाई कोणी केली नाही. ज्या नानांनी १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेऊन प्रजेची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे नेण्याचा मार्ग दाखविला, तेच या विलायती कंपनीत होते. प्रस्तुत लेखकास यात ढोंग दिसत नाही. रेल्वे यावी आणि राज्यकर्त्यांस जाबही विचारावा, या दोन्ही गोष्टी त्यांना इष्ट वाटत होत्या. तांडेवाल्यांचा विचार मात्र त्या काळी फारसा कोणी केला नाही, नानांनीही केल्याचे दिसत नाही.

लोहमार्ग कल्याणवरून नाशिककडे गेला. भिवंडी त्यापासून दूर राहिली, आणि पुढे तिने मागांवर आपला संसार उभा केला. मालाची मोठी वर्दळ पुन्हा आली ती मालमोटारींमुळे. १९५१ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग रेल्वेकडे होता. आता तो एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. मुंबईच्या जकात नाक्यांबाहेर आणि आग्रा रस्त्यालगत जागा स्वस्त, म्हणून माणकोली, काल्हेर, दापोडे येथे गोदामे उठली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत, उलट वाढलीच. मध्यंतरी दिवा–वसई मार्गाने रेल्वेही गावाजवळ आली, आणि २०२० साली भिवंडी रोड स्थानकातून पार्सल गाड्या सुटू लागल्या.