पॉल पासी : फ्रेंच उच्चारांचं कोडं सोडवणारा शिक्षक

फ्रेंचमध्ये 'लहान' या शब्दाच्या शेवटी 'त' लिहितात, पण उच्चार होतो फक्त 'पती'. पुढे 'आमी', म्हणजे मित्र, आला की तोच 'त' जागा होतो आणि पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो: प-ती-ता-मी. म्हणजे शब्द कागदावर एका ठिकाणी तुटतो आणि तोंडात दुसऱ्याच ठिकाणी.

मग नवशिक्याने हे वाचायचं कसं? या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांमध्ये एक नाव ठळक आहे, पॉल पासी.

पासी यांचा जन्म 1859 साली व्हर्सायमध्ये झाला. वडील फ्रेडरिक पासी शांततावादी होते. 1901 चं पहिलं शांततेचं नोबेल त्यांना हेन्री ड्युनांसोबत विभागून मिळालं. पॉल यांनीही लष्करी सेवेऐवजी दहा वर्षं शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा पर्याय निवडला.

वर्गात शिकवताना त्यांना जाणवलं की स्पेलिंग मुलांची दिशाभूल करतं. आधी कान तयार व्हायला हवा, लिपी नंतर.

1886 मध्ये त्यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांची संघटना उभी राहिली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना झाली. 1888 मध्ये तिची वर्णमाला आली. तत्त्व साधं होतं: एका भाषेत अर्थ बदलणाऱ्या प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह.

1913 मध्ये सक्तीची लष्करी सेवा तीन वर्षांची करण्याला विरोध केल्यामुळे पासी यांना अध्यापनाचं पद गमवावं लागलं. 1940 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज शब्दकोशात शब्दापुढे दिसणारी उच्चाराची चिन्हं बहुतेकदा याच वर्णमालेतली असतात.