चार्ल्स ॲटलास : कृश मुलांना बळाचे स्वप्न दाखवणारा स्थलांतरित

अंगकाठीने किरकोळ असलेल्या तरुणांनी बलदंड व्हावे, यासाठी टपालाने व्यायामाचे धडे पाठवणारे चार्ल्स ॲटलास हे विसाव्या शतकातील शरीरसौष्ठवाच्या इतिहासातील एक ठळक नाव आहे. आपण स्वतः एकेकाळी अवघे ९७ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो वजनाचे दुबळे पोर होतो, असे ते सांगत. हेच वाक्य त्यांच्या व्यवसायाचा पाया ठरले. मात्र त्यांचे शरीर नेमके कशाने घडले, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच वादाचा विषय झाला होता.

ॲटलास यांचे मूळ नाव अँजेलो सिसिलियानो. ३० ऑक्टोबर १८९२ रोजी दक्षिण इटलीतील कॅलाब्रिया प्रांतातील आक्री या गावी त्यांचा जन्म झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी, बालवयातच ते अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात वाढले. नवा देश, अनोळखी भाषा आणि त्यात अशक्त देह, अशा स्थितीत दांडगट मुलांचा मार खाणे त्यांच्या वाट्याला आले. कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर एका धिप्पाड माणसाने आपल्या तोंडावर वाळू उडवली आणि मैत्रिणीदेखत आपल्याला तो अपमान गिळावा लागला, अशी आठवण ते पुढे सांगत असत.

एका संग्रहालयात ग्रीक वीरांचे पुतळे पाहून त्यांना व्यायामाची ओढ लागली, तर प्राणिसंग्रहालयात आळस देणारा सिंह पाहून स्नायूंनाच स्नायूंच्या विरोधात झुंजवण्याची कल्पना सुचली, असेही त्यांचे कथन होते. या हकिकती पुढे जाहिरातींतूनही सांगितल्या गेल्याने त्यांकडे काहीशा सावधपणे पाहणे इष्ट ठरते. परंतु अनेक वर्षांच्या नियमित व्यायामाने त्यांचा देह बदलला, याविषयी शंका नाही. ग्रीक पुराणातील ॲटलासच्या पुतळ्याशी मित्रांनी त्यांची तुलना केली आणि तेच नाव त्यांनी धारण केले. १९२२ मध्ये ते कायदेशीरही झाले.

तत्पूर्वी कोनी आयलंड येथे शक्तीचे खेळ करून ते उदरनिर्वाह करत. पुढे शिल्पकारांनी त्यांना नमुन्यासाठी उभे करण्यास सुरुवात केली. वॉशिंग्टन येथील अर्थखात्याच्या इमारतीसमोरील अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुतळ्यासाठी त्यांच्याच शरीराचा आधार घेण्यात आला, असे मानले जाते.

‘फिजिकल कल्चर’ या मासिकाचे प्रकाशक बर्नार मॅक्फॅडन यांनी १९२१ मध्ये घेतलेल्या स्पर्धेत ॲटलास विजयी ठरले. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकेतील सर्वांत सुघटित पुरुष हा किताबही त्यांनी पटकावला. त्याच वर्षी फ्रेडरिक टिल्नी यांच्या साहाय्याने त्यांनी टपालाद्वारे अभ्यासक्रम सुरू केला. प्रारंभी या व्यवसायास फारसे यश लाभले नाही. १९२९ मध्ये चार्ल्स रोमन हा तरुण जाहिरातकार भागीदार झाला आणि चित्र पालटले. रोमन यांनी या पद्धतीला ‘डायनॅमिक टेन्शन’ असे नाव दिले. किनाऱ्यावरील अपमानाची ती कथा चित्रमालिकेच्या रूपात मुलांच्या कॉमिक्समधून झळकू लागली. महामंदीच्या काळात, खिसा आणि आत्मविश्वास दोन्ही रिकामे असताना, लक्षावधी तरुणांना ती आपलीच कथा वाटली.

अभ्यासक्रमात दररोज सुमारे १५ मिनिटांचा व्यायाम होता. एका हाताने दुसऱ्या हाताला विरोध करणे, दोन खुर्च्यांवर हात टेकून जोर काढणे, तसेच आहार, झोप आणि स्वच्छतेचे नियम यांचा त्यात समावेश होता. कोणतेही साधन लागत नसल्याने गरिबालाही तो करता येई. वजनांच्या साहित्याचे उत्पादक बॉब हॉफमन यांनी मात्र या पद्धतीवर कठोर टीका केली. असे शरीर केवळ अशा व्यायामाने घडत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९३० च्या दशकात हा वाद फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत पोहोचला, पण ॲटलास यांचा व्यवसाय त्यातून सुखरूप बाहेर पडला.

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर दोन्ही बाजूंत तथ्य आढळते. बाहेरील वजन नसतानाही स्नायू पूर्ण ताकदीने आवळल्यास त्यांची वाढ होऊ शकते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसून आले आहे. तथापि अशा व्यायामात ताण किती वाढला, हे मोजता येत नाही. पाय आणि पाठ यांना पुरेसा भार देणेही कठीण जाते. स्नायूंवरील भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे, हे बलसंवर्धनाचे मुख्य सूत्र होय. जात्याच कृश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत आहाराला तितकेच महत्त्व आहे. शरीर खर्च करते त्याहून अधिक उष्मांक आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने नित्य मिळाली, तरच व्यायामाचे चीज होते. हा बदल काही दिवसांत नव्हे, तर महिन्यांच्या आणि वर्षांच्या सातत्याने घडतो. वजन विनाकारण घटत असल्यास व्यायामापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

ॲटलास यांचा देहही असाच वर्षानुवर्षांच्या परिश्रमांतून घडला होता. जाहिरातीने त्यातील प्रदीर्घ काळ वगळला आणि अपमान व सूड एवढेच दाखवले. किडकिडीत असणे ही लाजेची बाब आहे, ही समजूत त्यामुळे अनेक पिढ्यांत रुजली, हा त्यांच्या यशाचा दुसरा पैलू आहे. तरीही वाट्याला आलेली अंगकाठी हे अंतिम विधिलिखित नव्हे, हा विश्वास त्यांनी असंख्य मुलांना दिला.

२४ डिसेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लाँग बीच येथे, वयाच्या ८० व्या वर्षी ॲटलास यांचे निधन झाले. उतारवयातही त्यांनी नित्याचा व्यायाम सोडला नव्हता. त्यांच्या पश्चातही हा अभ्यासक्रम विकला जात राहिला.