पहिलवान हमीदा बानू

वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, जत्रेतला कुस्तीचा फड आपण सर्वांनीच पाहिला आहे. हलगी वाजते, पहिलवान शड्डू ठोकतात आणि इनामाची कुस्ती लागते. त्या फडात एखादी बाई उतरली आणि तिने पुरुषाला चितपट केले, तर? असे खरोखर घडले आहे. त्या बाईंचे नाव हमीदा बानू.

हमीदा बानू उत्तर प्रदेशातल्या. त्या काळी कुस्ती म्हणजे पुरुषांचे काम असे सगळे समजत. मुलीने आखाड्याकडे फिरकायचे सुद्धा नाही. पण हमीदाबाईंना कुस्तीचेच वेड. अलीगड शहरात सलाम पहिलवान नावाचे वस्ताद होते. त्यांच्या हाताखाली त्यांनी मेहनत केली. त्या रोज सहा तास व्यायाम करीत आणि नऊ तास झोपत.

त्यांचा खुराक ऐकून तुम्ही तोंडात बोटेच घालाल. दिवसाला साडेपाच लिटर दूध, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, जवळजवळ एक किलो मटण, एक कोंबडी, बदाम आणि वर दोन ताटे बिर्याणी ! उंची पाच फूट तीन इंच आणि वजन १०८ किलो. म्हणजे पोत्यापेक्षा जास्तच की हो !

१९५४ साली त्यांनी सगळ्या पहिलवानांना आव्हान दिले. जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन, असे त्यांनी जाहीर केले. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन पहिलवान त्यांनी पाडले. मग मे महिन्यात बडोद्याला कुस्ती ठरली. ठरलेल्या पहिलवानाने ऐनवेळी माघार घेतली, म्हणून बाबा पहिलवान पुढे आले. कुस्ती किती वेळ चालली असेल ? फक्त १ मिनिट ३४ सेकंद. आपल्याला फळा पुसायला याहून जास्त वेळ लागतो. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन या बाईंशी त्यांची कुस्ती झाली. ती तर एका मिनिटाच्या आतच त्यांनी जिंकली.

आता एक वाईट गोष्ट सांगायची आहे. ती आपल्याच मुलखातली आहे, म्हणून झाकून ठेवू नये. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे हमीदाबाईंनी एका पंजाबी पहिलवानाला हरवले. लोकांनी टाळ्या वाजवायच्या, की नाही ? पण त्यांनी हुर्यो केली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात तर कुस्ती संघाने हरकत घेतल्यामुळे ठरलेली कुस्तीच रद्द झाली. काही लोक म्हणत, ह्या कुस्त्या नुरा आहेत, म्हणजे आधीच ठरवून केलेल्या आहेत. हमीदाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. बाई म्हणून बंदी घातलेली नाही, कुस्त्या भरवणाऱ्यांविषयी तक्रारी आल्या आहेत, असे त्यांना उत्तर मिळाले.

पुढे त्यांना कुस्तीसाठी युरोपला जायचे होते. पण ते सलाम पहिलवानांना पसंत पडले नाही. त्यांनी मारहाण करून हमीदाबाईंचे हातपाय मोडले, असे त्यांच्या घरची माणसे सांगतात. कितीतरी दिवस त्या काठी टेकून चालत होत्या. कुस्ती सुटली ती कायमची. नंतर त्या मुंबईजवळ कल्याणला राहिल्या. रोज साडेपाच लिटर दूध पिणाऱ्या हमीदाबाई पोटासाठी दूध विकू लागल्या. पुढे हात आणखी आखडला, तेव्हा रस्त्याच्या कडेला घरचे खाण्याचे पदार्थ विकले. पण कुणापुढे हात पसरला नाही. १९८६ साली त्या वारल्या. तोवर लोक त्यांना विसरले होते.

पण काळ बदलला. २०१६ साली साक्षी मलिक यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. असे पदक मिळवणाऱ्या त्या भारताच्या पहिल्या महिला. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी गदा उचलली. कोल्हापूरपासून सांगली काही लांब नाही. जिथे एका बाईवर दगड पडले, त्याच मुलखात आता लोक मुलीला खांद्यावर घेऊन नाचतात.

मित्रांनो, यावरून आपण काय शिकायचे ? मेहनत करणारा मुलगा असो की मुलगी, जो जिंकला त्याच्यासाठी टाळी वाजवायची. आणि पालकांनो, तुमच्या घरातली मुलगी तालमीत जाते म्हणाली तर तिला अडवू नका. तिला दूध मात्र जास्त द्या !

— इयत्ता सातवी