अर्नेस्ट विल्यम हे ग्रोव्ह्ज

अर्नेस्ट विल्यम हे ग्रोव्ह्ज (इ.स. १८७२ – इ.स. १९४४) हे ब्रिस्टल येथील इंग्रज शल्यचिकित्सक होते. गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील ऊतींचा पट्टा बसवून नवा बंध घडवण्याच्या शस्त्रक्रियेचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात. अस्थिभंगांवरील उपचार, हाडांचे रोपण आणि खुब्याच्या सांध्याची पुनर्रचना या विषयांतही त्यांचे काम महत्त्वाचे आहे. त्यांच्या नावातील 'हे' मराठी वाचकास सर्वनामासारखे भासेल. परंतु वैद्यकीय ग्रंथांत 'हे ग्रोव्ह्ज' असा जोडउल्लेखच रूढ असल्याने येथेही तोच ठेवला आहे.

== प्रारंभीचे जीवन ==

हे ग्रोव्ह्ज यांचा जन्म भारतात झाला. मात्र ते वाढले आणि शिकले इंग्लंडमध्ये. ब्रिस्टल आणि लंडनचे सेंट बार्थॉलोम्यूज रुग्णालय येथे त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. त्यानंतर त्यांनी ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड येथे सामान्य वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. हा भाग कोळशाच्या खाणींचा होता. तेथे त्यांनी आपल्या घरातच रुग्णांना ठेवून शस्त्रक्रिया करण्याची सोय केली. व्यवसाय सांभाळत पुढील परीक्षा देऊन ते शल्यचिकित्सक झाले आणि ब्रिस्टल जनरल रुग्णालयात रुजू झाले. १९२२ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने त्यांना शल्यशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. घरगुती दवाखान्यातून विद्यापीठाच्या अध्यासनापर्यंतचा असा प्रवास त्या काळच्या इंग्लंडमध्येही सहसा घडत नसे.

== लेखन व संपादन ==

१९१३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' हे नियतकालिक सुरू झाले. त्याच्या संपादक मंडळाचे अध्यक्षपद बर्कली मॉयनिहान यांच्याकडे होते. परंतु संपादन-सचिव म्हणून प्रत्यक्ष काम हे ग्रोव्ह्ज यांनी पाव शतकाहून अधिक काळ सांभाळले. १९१६ मध्ये अस्थिभंगांच्या आधुनिक उपचारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मोडलेली हाडे खिळे व पट्ट्यांनी जोडल्यास ती कशी भरून येतात, याचे प्रयोग त्यांनी त्यापूर्वीच प्राण्यांवर केले होते. विद्यार्थी व परिचारिकांसाठीही त्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली.

== गुडघ्यातील अस्थिबंधाची शस्त्रक्रिया ==

गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीप्रमाणे एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा (आज 'एसीएल' या नावाने परिचित असलेला) बंध नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू देत नाही. तो तुटला की दुखणे व सूज काही आठवड्यांत ओसरते, पण वळताना किंवा उतरताना गुडघा अचानक दगा देतो. अशा अवस्थेत नडगीचे हाड पुढे निसटते, हे हे ग्रोव्ह्ज यांनी नेमके नोंदवून ठेवले आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत या दुखापतीवर काय करावे याविषयी एकमत नव्हते. लीड्सचे मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे तुटलेले बंध टाके घालून जोडले होते. म्युनिकच्या फ्रिट्झ लांगे यांनी रेशमाचे धागे वापरले. याउलट ब्रिटनमधील अस्थिशल्यचिकित्सेचे अध्वर्यू रॉबर्ट जोन्स यांच्या मते टाके घालणे व्यर्थ होते. सांध्याला विश्रांती देऊन नैसर्गिक व्रणऊती घट्ट होऊ द्यावी, हाच मार्ग त्यांना भरवशाचा वाटे. तुटलेल्या बंधाची टोके दोऱ्याच्या फाटक्या टोकांसारखी पिंजलेली असतात, हे पाहता जोन्स यांचा आक्षेप निराधार नव्हता.

हे ग्रोव्ह्ज यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. जुना बंध सांधण्याऐवजी त्याच जागी, त्याच दिशेने नवा बंध घालायचा, तर तो कशाचा घालावा? त्यांनी मांडीच्या बाहेरील अंगास असलेली चिवट प्रावरणी निवडली. ती मजबूत व लांब असते, गुडघ्याच्या जवळ असते, आणि तिचा एक पट्टा काढल्याने पायाचे फारसे अडत नाही. १९१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. मांडीच्या व नडगीच्या हाडांत छिद्र पाडून बोगदे करायचे आणि त्यांतून हा पट्टा ओवून घ्यायचा, असे तिचे स्वरूप होते. पट्ट्याचे एक टोक मूळ जागी जोडलेले ठेवल्यामुळे ती ऊती शरीरापासून पूर्णपणे तुटत नसे. मांडीची प्रावरणी त्यांच्यापूर्वी रशियातील ग्रेकोव्ह यांनीही वापरली होती. त्यामुळे हे ग्रोव्ह्ज यांना या कल्पनेचे एकमेव जनक म्हणणे योग्य ठरणार नाही. तथापि मूळ बंधाच्या वाटेनेच हाडांतून बोगदे काढण्याचे तत्त्व स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

कार्डिफचे ॲल्विन स्मिथ यांनी १९१८ मध्ये या पद्धतीतील एक उणीव दाखवली: तिने गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला काहीच आधार मिळत नव्हता. पुढे हे ग्रोव्ह्ज यांनी १४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि आपल्या पद्धतीत बदलही केले. सर्वच रुग्णांना लाभ झाला, असा दावा त्यांनी केला नाही. मागचा बंध तुटलेल्या गुडघ्यांसाठी त्यांनी मांडीच्या मागील स्नायूंच्या कंडरा वापरून पाहिल्या. आज याच कंडरा पुढच्या बंधासाठी जगभर वापरल्या जातात, ही बाब या इतिहासात सहसा दुर्लक्षित राहते.

== ऊतीच्या निवडीचा पुढील इतिहास ==

नवा बंध कशाचा घ्यावा हा प्रश्न त्यांच्यानंतरही मिटला नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतील विलिस कॅम्पबेल यांनी गुडघ्याच्या वाटीभोवतालच्या कंडरेचा पट्टा वापरला; इटलीचे रिकार्डो गालेआत्सी यांनी १९३४ मध्ये मांडीमागील कंडरा निवडली. १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी वाटीखालच्या कंडरेची पद्धत मांडल्यावर ती विशेष प्रचलित झाली. या कंडरेच्या टोकांना हाडाचे तुकडे ठेवून ती काढता येते. बोगद्यात हाडाशी हाड लवकर जुळते, म्हणून ती घट्ट बसते; पण त्याची किंमत म्हणून अनेकांना गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखते आणि गुडघे टेकून बसणे कठीण जाते. मांडीमागील कंडरा घेतल्यास हा त्रास कमी असतो. मात्र ती हाडात रुजायला अधिक वेळ घेते आणि गुडघा मागे दुमडण्याची ताकद काहीशी घटते. मृत दात्याची कंडरा वापरल्यास रुग्णाच्या शरीराला दुसरी जखम होत नाही. परंतु खेळणाऱ्या तरुणांत ती पुन्हा तुटण्याचे प्रमाण जास्त आढळते. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसणाऱ्या आपल्याकडील रुग्णांच्या दृष्टीने ही तुलना केवळ पुस्तकी नाही.

हे ग्रोव्ह्ज यांनी निवडलेला मांडीच्या बाहेरील पट्टा प्रौढांसाठी आज पहिली पसंती नाही. वाढ पूर्ण न झालेल्या लहान मुलांत मात्र त्याचा वापर केला जातो, कारण तो हाडांच्या वाढीच्या थरांना छिद्र न पाडता बाहेरून वळवून बसवता येतो.

== अन्य कार्य व मृत्यू ==

पहिल्या महायुद्धात त्यांनी इजिप्तमधील लष्करी रुग्णालयात सेवा केली. खुब्याच्या सांध्यातील निकामी झालेल्या अस्थिगोलाच्या जागी हस्तिदंती गोल बसवण्याचा प्रयोग त्यांनी १९२०च्या दशकात केला. कृत्रिम खुब्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनचे ते संस्थापक सदस्य होते आणि पुढे अध्यक्षही झाले. इ.स. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले.