कोलंबियाच्या वसतिगृहातले बाबासाहेब



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं मंडळाच्या पोरांनी सांगितलं. आम्ही पडलो गिरणी कामगार. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

परमपूज्य बाबासाहेबांचं चरित्र आपल्याला तोंडपाठ आहे. महाडचं तळं, काळाराम मंदिर, राज्यघटना, दीक्षाभूमी हे दर जयंतीला भाषणात येतं. पण बाबासाहेब विद्यार्थी म्हणून कसे राहिले, कुठं जेवले, कुणाबरोबर एका खोलीत निजले, हे आम्ही कमी सांगतो. यंदा तेवढंच सांगायचं ठरवलं. का, ते शेवटी लिहितो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत हा सुभेदाराचा मुलगा वर्गात वेगळा, आपल्या घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. तहान लागली तरी नळाला हात लावायची सोय नव्हती. पुढे मुंबईला १९०७ साली मॅट्रिक आणि १९१२ साली बी. ए. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजीबाबा वारले. डोक्यावरचं छत्र गेलं. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस. कोलंबिया विद्यापीठ ही १७५४ साली स्थापन झालेली खाजगी संस्था. सुरुवातीला ते तिथल्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. जेवण काही मानवेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथं त्यांच्या खोलीचे जोडीदार होते नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. ही मैत्री जन्मभर टिकली.

बंधूंनो, इथं जरा थांबून विचार करा. ज्या मुलाला शाळेत नळ शिवता येत नव्हता, तो आता सगळ्यांच्या पंक्तीला बसून जेवतो. ग्रंथालयात हवं ते पुस्तक मागतो. कोणी जात विचारत नाही. माणूस म्हणून वागवलं जाणं म्हणजे काय, ते त्यांना तिथं रोजच्या रोज अनुभवायला मिळालं.

एवढी मोकळीक मिळाल्यावर सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळी आणि खेळ यांतही गेले. तेही माणूसच होते. पण घरी रमाई काटकसरीत दिवस काढतात, आपण इथं कशासाठी आलो, हा विचार मनात आला आणि त्यांनी स्वतःला अभ्यासाला जुंपलं. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, शिवाय मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे जगप्रसिद्ध प्राध्यापक लाभले. पोटाला चिमटा घेऊन शिष्यवृत्तीतले पैसे घरी धाडले आणि उरलेल्यात जुनी पुस्तकं विकत घेतली. लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कला होते. त्यांनी राजकारणात ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा बाबासाहेबांनी आधी शिक्षण, मग बाकीचं, असं ठरवून नकार दिला. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीच्या मुळावर पहिला घाव असा एका वर्गखोलीत पडला. पीएच. डी. ची पदवी रीतसर १९२७ साली मिळाली.

आता दुसरी बाजू बघा. लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून, करारापोटी १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर आले. राहायला जागा कोणी देईना. एका पारशी खानावळीत नाव लपवून राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना बाहेर काढलं. कोलंबियात खोलीचा जोडीदार पारशीच होता, आणि इथं लाठ्या घेऊन आलेलेही पारशीच. मग फरक कुठं पडला? आम्हाला वाटतं, फरक माणसांच्या जातीधर्मात नव्हता, त्यांना एकत्र ठेवणाऱ्या घरात होता. एका छपराखाली बरोबरीनं राहिलं, वाचलं, जेवलं की भिंती पडतात.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेनं ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, ते कुठं? तर आपल्या सोलापुरात! अक्कलकोटहून चाळीस किलोमीटरच्या आत. ही गोष्ट आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे. पुढे ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघालं. नोकरी करून शिकणाऱ्यांना यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. आमच्यासारख्या पाळीवाल्याला याचं मोल जास्त कळतं. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू झालं, तेच आपलं मिलिंद. त्या परिसराला नाव नागसेनवन. वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय, झाडं सगळं एकाच ठिकाणी. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी तिथं युगयात्रा हे नाटक लिहिलं. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेली पोरं तिथून प्राध्यापक, लेखक, अधिकारी होऊन बाहेर पडली. कोलंबियात एकट्याला जे मिळालं, ते बाबासाहेबांनी हजारोंना मिळवून दिलं.

५ जून १९५२ रोजी कोलंबियानं त्यांना सन्मानाची एलएल. डी. दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झालं.

आता का लिहिलं ते सांगतो. आपल्याच वस्तीतलं एक हुशार पोरगं शहरात कॉलेजला गेलं आणि तीन महिन्यांत परत आलं. मेसमध्ये कोणी बोलेना, भाषेवरून हसायचे, खोलीत एकटा पडला. बापानं कर्ज काढलं होतं. आम्ही त्याला विहारात भेटलो, पण त्याला धीर द्यायला आमच्याजवळ शब्द कमी पडले. आज सांगतो, बाळा, बाबासाहेबांनाही तिथलं जेवण मानवलं नव्हतं. त्यांनी वसतिगृह बदललं, विद्यापीठ नाही सोडलं.

आणि आपण मोठ्यांनी काय करायचं? वर्धापनदिनाला मंडप, लायटिंग, डीजे यावर खर्च होतो. त्यातला निम्मा वाचवून विहाराच्या माडीवरच्या खोलीत टेबलं, दिवे आणि पुस्तकं आणू. बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येक पोराला महिन्यातून एकदा कोणीतरी भेटून येऊ, सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेऊ. पोरगं एकटं पडलं नाही तर टिकतं. आमच्या पहिल्या पगारातले पाचशे रुपये खजिनदारांकडे जमा करत आहोत. बाकीचं तुम्ही बघा.

नमो बुद्धाय! जयभीम!