लायसन्स नंबर १

समजा, तुम्हाला नांदेडहून लातूरला विमानाने जायचंय. छोटंसं विमान, आत तुम्ही एकटेच. रेडिओ नाही, जीपीएस नाही. तोंड नैर्ऋत्येकडे करायचं होतं, पण निघताना गडबडीत साधारण ३० अंश डावीकडे वळलात. आता कितीही सरळ उडवा, लातूर काही येणार नाही. खाली दिसेल उदगीर! वैमानिकांचा एक साधा हिशोब आहे: दिशा फक्त १ अंश चुकली तर दर ६० किलोमीटरमागे तुम्ही १ किलोमीटर बाजूला जाता. म्हणजे चूक निघतानाची असते, कळते मात्र पोचताना.

आपल्या देशात हा हिशोब जिवावर घेऊन उडणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक नाव तुम्हाला पाठ असेल: जेआरडी टाटा. उद्योगपती म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचा खरा जीव होता विमानात.

जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४. आई फ्रेंच, वडील पारशी. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या घराशेजारी लुई ब्लेरियो यांचं घर होतं. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा हाच तो माणूस. पोराच्या डोक्यात विमान तिथेच घुसलं. पंधराव्या वर्षी विमानातून एक चक्कर मारायला मिळाली आणि विषय संपला. १० फेब्रुवारी १९२९ ला मुंबईत त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलं लायसन्स, नंबर १.

पुढे आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. अट अशी, की भारतीयाने इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने, एका महिन्याच्या आत उडून दाखवायचं. तिघं मैदानात उतरले. मनमोहन सिंग सुरुवातीला युरोपातच वाट चुकले आणि परत फिरले. नंतर ते भारतात पोचले खरे, पण मुदत टळून गेली होती. जेआरडी कराचीहून निघाले, तर १७ वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, त्याला स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले. अस्पी आधी पोचला, बक्षीस घेऊन गेला. तुम्ही दिले असते का प्लग, खरं सांगा? हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उड्डाण केलं. विमान होतं एका इंजिनाचं पस मॉथ, टपाल जेमतेम २५ किलो. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं, आणि ते पेट्रोल आलं होतं बैलगाडीतून! दुपारी विमान मुंबईत जुहूला उतरलं. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. वाटेत रेडिओ नव्हता, रस्ता दाखवणारी कुठलीच यंत्रणा नव्हती. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी खूण, एवढ्यावर सगळा खेळ. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखलात जायची, मग मुक्काम पुण्याला हलायचा. याच धडपडीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिलं विमान गेलं. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्ष जेआरडीच राहिले. पगार न घेता.

आता विमानं मोठी झाली, यंत्रं भारी आली. मग चुका संपल्या का? नाही. २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' हे विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं. बैरूतहून निघतानाच दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं. डोंगर मागे पडला असं वैमानिकाला वाटलं, प्रत्यक्षात तो पुढेच होता. ११७ जण गेले. त्यात आपले डॉ. होमी भाभाही होते.

दुसरी घटना थेट मुंबईची. १ जानेवारी १९७८, रात्रीची वेळ. दुबईला निघालेलं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून उडालं. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं आणि विमान उजवीकडे कललंय असंच दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. क्षितिज दिसतच नव्हतं. कॅप्टनने यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे झुकवलं, आणखी झुकवलं. सहवैमानिकासमोरचं यंत्र नीट चालू होतं. दोन्ही यंत्रं ताडून बघायला पुरेसा वेळच मिळाला नाही. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. आतले सगळे २१३ जण गेले.

जेआरडी तेव्हा ७३ वर्षांचे होते. महिनाभरातच, फेब्रुवारीत, मोरारजी देसाई सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. जी कंपनी स्वतःच्या हाताने उडवली, ती अशी हातातून गेली. विचार करा, आपल्यापैकी कुणी असतं तर त्या विमानांकडे पुन्हा बघितलं तरी असतं का?

त्यांनी काय केलं? १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, तेव्हा ते गेले. आणि १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या लेपर्ड मॉथमध्ये बसून पुन्हा कराची ते मुंबई उडाले. एकटे!

१९९२ ला भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले, आपल्यातले बरेच जण जन्मायच्याही आधी. एअर इंडिया टाटांकडे परत आली जानेवारी २०२२ मध्ये. ते बघायला लायसन्स नंबर १ वाला माणूस नव्हता.