चामड्याचा चेंडू आणि खडावांचा सामना

पेठापेठांतील तालमींनी जेथे फुटबॉलचे संघ उभे केले, त्या कोल्हापुरात मुलाच्या पायाशी चेंडू कधी आला हे त्याला आठवतही नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा किंवा दिलबहार तालमीचा सामना रंगला की दुसऱ्या दिवशी गल्लीतील पोरे तोच सामना पुन्हा खेळतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मात्र ज्या मुलांनी फुटबॉल कधी पाहिलेलाच नाही, त्यांचा पहिला संघ घडवायचा कसा? १८९१ मध्ये श्रीनगरातील एका तरुण शिक्षकापुढे नेमका हाच प्रश्न होता. त्यांचे नाव सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को.

त्यांचा जन्म १८६३ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर येथे झाला. ते केंब्रिजला शिकले. अंगकाठी लहान असल्याने नौका वल्हवणाऱ्यांऐवजी सुकाणूवर त्यांची निवड झाली आणि १८८४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत त्यांच्या नौकेने विजय मिळवला. पुढे धर्मोपदेशक होऊन १८९० च्या अखेरीस ते श्रीनगरच्या मिशन शाळेत रुजू झाले. शाळेतील बहुतेक मुले पंडित घराण्यांतील होती. पाठांतरात ती तरबेज होती. परंतु धावणे, पोहणे, वल्हे मारणे ही कामे आपली नव्हेत, अशी त्यांची समजूत होती.

१८९१ मध्ये विवाहासाठी टिंडेल-बिस्को मुंबईस गेले आणि परतताना पत्नीबरोबर एक फुटबॉलही घेऊन आले. चेंडू चामड्याचा आहे हे कळताच मुलांनी त्याला हात लावण्यास साफ नकार दिला. शिक्षकाने मग फळ्यावर मैदान आखले, प्रत्येकाची जागा समजावली आणि सर्वांना मैदानावर नेले. तेथे बघ्यांची गर्दी जमली. अंगात फेरन, पायांत लाकडी खडावा आणि चेहऱ्यावर धास्ती, असा तो संघ होता. मुले जागची हलेनात, तेव्हा काठ्या घेतलेल्या मास्तरांना पुढे पाठवण्यात आले. मग मात्र एकच झुंबड उडाली. चेंडूबरोबर खडावाही हवेत उडू लागल्या.

तेवढ्यात चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. विटाळलेल्या तोंडाला हात लावावा तरी कसा? तो रडू लागला, सोबती गोंधळले, खेळ थांबला. टिंडेल-बिस्को यांनी त्याला जवळच्या पाण्यावर नेऊन तोंड धुऊन आणण्यास सांगितले. मुलगा परतला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. तोंड धुतल्यावर विटाळ संपतो आणि खेळ पुढे चालू राहतो, हाच त्या दिवसाचा खरा धडा होता. चेंडू मारण्याचे तंत्र त्यानंतरचे.

ही हकीकत आपल्यापर्यंत आली, ती मुख्यतः त्यांच्याच लेखणीतून. काठीच्या धाकाने मैदानात उतरलेल्या मुलांना काय वाटले, हे त्यांच्या शब्दांत उरलेले नाही. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेल्या या शिक्षकाच्या लिखाणात काश्मिरी समाजाविषयीचा तुच्छतेचा सूरही अनेकदा डोकावतो. आजचा कोणताही प्रशिक्षक लहान मुलांसमोर काठी घेऊन उभा राहणार नाही आणि राहूही नये.

परंतु ते पहिल्या सामन्यावर थांबले नाहीत. फुटबॉलपाठोपाठ पोहणे आणि नौकानयन आले. पुढे हीच शाळकरी मुले बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी पाण्यात उतरू लागली, आगी विझवू लागली. पटकीच्या साथीच्या काळात त्यांनी रस्ते झाडण्याचे कामही हाती घेतले.

चामड्याचा विटाळ केवळ श्रीनगरपुरता नव्हता. चपलेसाठी नावाजलेल्या कोल्हापुरातही ती चप्पल बनवणारे हात अस्पृश्यच मानले जात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यांचा लढाही याच विटाळाशी होता. तेथे साधन चेंडू होता, येथे शाळेचा बाक.

टिंडेल-बिस्को यांनी १९४७ मध्ये काश्मीर सोडले. १९४९ मध्ये आफ्रिकेतील सॅलिसबरी, म्हणजे आजच्या हरारे, येथे त्यांचे निधन झाले. श्रीनगरातील शाळा आजही त्यांचेच नाव चालवते. मुलांचा संघ पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याने त्यांची काठी विसरावी. तोंड धुऊन परतलेला तो मुलगा मात्र लक्षात ठेवावा.